वळत्या भाऊबिजा

बँकेनं प्रल्हाद कोपर्डेची पहिली भाऊबीज वळती करून घेतली ती श्रावणातल्या एका सकाळी, तो तोंड धूत असताना. कपाळावर पाणी मारलं तसं बेसिनमध्ये कुंकू उतरलं. थोडंथोडकं नाही, चांगलं बोटभर. त्याच्या पाठोपाठ तांदळाचा एक दाणा पडून जाळीत अडकला. प्रल्हादनं तो नखानं काढून पाहिला. अक्षतच होती, एका टोकाला तुटलेली. टॉवेलनं तोंड पुसेपर्यंत मोबाइलवर बँकेचा निरोप आला होता : आपल्या थकीत कर्जापोटी आपल्या संयुक्त खात्यातून भाऊबीज एक, वळती करण्यात आली आहे.

"कपाळाला काय झालं?" त्याच्या बायकोनं, पद्मानं, चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं. "ठिपक्याएवढं पांढरं दिसतंय."

"बँकेनं भाऊबीज घेतली."

"कुठली?"

"पहिली असेल."

"साखर संपलीय," पद्मा म्हणाली. "गूळ घालते."

प्रल्हादचा सांगलीत लग्नपत्रिकांचा छापखाना होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. प्रल्हादनं आधी पाय पसरले आणि अंथरूण बँकेकडून आणलं. चार रंगांचं ते मोठं मशीन आलं तेव्हा त्याला हार घातला, पेढे वाटले, शेजारच्या चहावाल्यालाही टॉवेल-टोपी केली. काही वर्षं मशीननं खरंच दम खाऊ दिला नाही. मग लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले, आणि मशीन रोज पुसून झाकून ठेवण्यापुरतं उरलं. हप्ते थकले. थकले तर थकू देत, आपल्या खात्यात न्यायला आहे काय, असं म्हणून हा गृहस्थ निवांत होता. त्याच बँकेत आपल्या नावाचं दुसरं एक खातं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ते खातं अक्काचं होतं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण सुमती, मिरजेला असायची, ब्लाऊज शिवायची. भावाची ओवाळणी मोडायची नसते असा तिचा स्वतःचाच एक नियम होता. लहानपणी तबकात पडलेलं नाणं तिनं शाळेच्या संचयिकेत टाकलं, पुढे पोस्टात, त्याच्याही पुढे बँकेत, आणि दर वेळी मागचं सगळं बरोबर नेलं. तिचे यजमान गेले त्या वर्षी ती म्हणाली, "एकटीचं नाव कशाला? तुझंबी लावू. उद्या माझं काय बरंवाईट झालं तर तुला हेलपाटे नकोत." प्रल्हादनं एका हातात करंजी धरून दुसऱ्या हातानं सही केली. मायेनं पुढे केलेला कागद चष्मा लावून कोण वाचतो?

चहा झाल्यावर त्यानं अक्काला फोन लावला.

"अक्का, मी बोलतोय."

"बोल की प्रल्हाद."

प्रल्हादनं फोन कानापासून लांब धरून त्यावरचं नाव पाहिलं. अक्काचंच होतं. पण जन्मात तिनं त्याला प्रल्हाद म्हटलं नव्हतं. प्रल्हाद हे मास्तरांच्या आणि बँकेच्या तोंडातलं नाव.

"मला काय म्हणालीस?"

"प्रल्हाद. मग काय म्हणू?"

"पल्या म्हणतेस तू मला."

"मी? कवा?" अक्का हसली. "दुसरंच कोण म्हणत असंल बघ. जेवलास काय?"

सकाळचे आठही वाजले नव्हते. पण जेवलास काय हे तिनं विचारलं, तेवढ्यावर त्याचं समाधान झालं, आणि तो आंघोळीला गेला. तिथं आणखी दोन दाणे पडले.

बँकेत शेडबाळे मॅडम म्हणून मॅनेजर होत्या. बोलायला मऊ होत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नसे.

"नियमात आहे ते," त्या म्हणाल्या. "एका ग्राहकाचं एक खातं थकलं की दुसऱ्यातनं वळतं करून घेता येतं. सूचना पाठवली होती आम्ही."

"ते खातं माझ्या बहिणीचं आहे."

"नाव तुमचं आहे. सही तुमची आहे."

"मग पैसे घ्या. भाऊबीज कशाला घेताय?"

"आमच्याकडे ठेव जशी येते तशी ठेवतो आम्ही, कोपर्डेसाहेब. सुटं करत नाही. बघायचंय का?"

त्यांनी शिपायाला हाक मारली. गुंडाप्पा त्याचं नाव. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्याला मांजरपाटाची मोठी पिशवी. कॅशच्या खिडकीमागे एक दार होतं, तिथून तो प्रल्हादला आणि मॅडमना जिन्यानं खाली घेऊन गेला.

खाली लांबच लांब दालन होतं, आणि त्यात प्रल्हादच्या सगळ्या भाऊबिजा ओळीनं लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत पाट होता, पाटाभोवती रांगोळी होती, निरांजन जळत होतं. पाटावर प्रल्हाद बसला होता आणि समोर अक्का तबक घेऊन उभी होती. कुणी हलत नव्हतं. हलत होत्या त्या फक्त वाती. तेलाचा आणि उटण्याचा वास येत होता. एकीत प्रल्हाद हाफपँटमध्ये होता, डोक्यावर रुमाल, केस तेलानं चप्प बसवलेले. पुढच्या एकीत त्याला मिसरूड फुटलं होतं आणि तो ओशाळून भिंतीकडे बघत होता. अक्काच्या परकराचं पातळ होत गेलं होतं, दोन वेण्यांचा अंबाडा झाला होता. जिन्याजवळची, सगळ्यांत पहिली जागा मोकळी होती. फरशीवर पाटाचे डाग होते आणि सांडलेली थोडी रांगोळी.

"ही पैली हुती," गुंडाप्पा म्हणाला. "लई ल्हान हुतासा तुमी. तोंडात लाडू. भैनीनं नाव इच्यारलं तर पल्याऽ म्हनलासा. लाडवामुळं फुडचं आलंच न्हाई. त्या बाई हसूनशान खाली बसल्या."

"ती कुठं आहे आता?"

"वर ग्येली. तुमच्या कर्जात."

मग त्यानं पिशवी सोडली आणि दुसरी उचलायला घेतली. आधी जिभेला बोट लावून त्यानं निरांजनाची वात मालवली. रांगोळी कोपऱ्याकोपऱ्यानं उचलून चादरीसारखी घडी घातली. पाट पिशवीत सरकवला. अक्का आणि समोरचा पोरगा त्यानं उचललेही नाहीत. दिवा गेल्यावर ते तिथं नव्हतेच. प्रल्हादच्या कपाळावरून ओघळ आला. त्यानं रुमालानं टिपलं, तर रुमाल लाल झाला.

"ह्यानं कर्ज किती कमी झालं?" त्यानं विचारलं.

"व्याज आधी जातं," मॅडम म्हणाल्या. "मुद्दल तसंच आहे."

"मग माझं नाव काढून टाका त्या खात्यावरून."

"त्याला तुमच्या बहिणीचीही सही लागते. ती आणलीत तर बघू." त्या जिन्याकडे वळल्या. "आणा. पण लौकर आणा. आम्ही जुन्या ठेवीपासून उचलत जातो."

बुडत्याचा पाय खोलात. प्रल्हादनं स्कूटर विकली आणि पैसे भरले. बँकेनं उचललेली भाऊबीज परत आली नाही, पुढच्या तेवढ्या थोडे दिवस थांबल्या. मग छापखान्यातलं कागद कापायचं यंत्र विकलं. मशीन बँकेकडेच गहाण होतं, त्यामुळे त्याला हात लावता येत नव्हता. ते नुसतं पुसायचं. रोज सकाळी तोंड धुताना तो आधी बेसिनच्या जाळीवर फडकं अंथरायचा, आणि पडलेल्या अक्षता वेचून एका डबीत ठेवायचा. पद्मा एकदा म्हणाली, "भात तरी होईल का एवढ्यात?" आणि मग स्वतःच दाणे वेचायला लागली, कारण त्याचं कपाळ आता भुवयांपासून केसांपर्यंत कोरं दिसत होतं.

गणपतीच्या दिवसांत त्यानं छापखान्यात जुन्या पत्रिकांचा अल्बम काढला. अक्काच्या मुलीचं, वृषालीचं लग्न झालं तेव्हाची पत्रिका त्यानं नमुना म्हणून पहिल्याच पानावर लावली होती. सोनेरी शाई वापरली होती, पदरमोड करून. पत्रिकेवर सगळे होते. कुलदेवता होती, आजोळचे होते, नवऱ्या मुलाचे चुलते होते. 'मुलीचे मामा' ह्या शब्दांपुढे काही नव्हतं. शाई उडाली नव्हती. तिथं कधी काही छापलंच नव्हतं असा कागद गुळगुळीत लागत होता.

गौरी जेवायच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. दर वर्षी यायचा, आणि दर वर्षी ती एवढंच म्हणायची, की ताट वाढून ठेवते, यायचं तर ये, न्हाईतर कुत्र्याला घालते.

"प्रल्हादराव," ती म्हणाली, "गौरीचं जेवण आहे उद्या. सवड असली तर या. लांब पडत असेल तर राहू द्या."

सांगलीहून मिरज म्हणजे मध्ये एक झोप लागायच्या आत येणारं गाव. प्रल्हादनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो म्हणाला, "येतो."

तो गेला. अक्कानं दार उघडलं, हसली, बसा म्हणाली. पाणी तांब्याभांड्यातून आणलं, तेही ताटलीत ठेवून. अक्काच्या घरी प्रल्हादचा एक स्टीलचा पेला होता, पोटाला पोचे आलेला. लहानपणी त्यानं तो विहिरीत पाडला होता आणि गळ टाकून काढताना ते पोचे आले होते. लग्न होऊन आली तेव्हा अक्का तो बरोबर घेऊन आली. प्रल्हाद आला की चहा त्यातच मिळायचा. आज तिनं सोनेरी काठाची कपबशी काढली.

"माझा पेला कुठाय?" त्यानं विचारलं.

"कुठला?"

त्यानं फडताळावर बोट दाखवलं. अक्कानं तो काढला, पदरानं पुसला, फिरवून फिरवून पाहिला.

"कुणाचा कुणास ठाऊक," ती म्हणाली. "बोहारणीला द्यायचा राहून गेलाय."

जेवणं झाल्यावर प्रल्हादनं खिशातून फॉर्म काढला. त्यावर एकच सही हवी होती. त्यानं पेन उघडून पुढे धरलं. "अक्का, एवढी एक सही दे. बँकेत तुझ्या खात्यावर माझं नाव आहे, ते काढून टाकू."

अक्कानं फॉर्म हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, आणि घडी घालून परत दिला. चेहरा मायाळूच होता, पण तो मायाळूपणा दारात आलेल्या कुणालाही मिळाला असता.

"राग मानू नका," ती म्हणाली. "ओळख नीट नसलेल्या माणसाला सही द्यायची न्हाई असं बँकेनंच सांगितलंय."

प्रल्हाद परत आला तो चालत. वाटेत त्यानं तीनदा कपाळ पुसलं.

दसऱ्यानंतर बँकेनं वेग वाढवला. प्रल्हाद रोजच जायला लागला. मॅडम आता त्याला बसा म्हणत नसत, नुसती मान हलवत, आणि तो सवयीनं जिना उतरे. दालन रिकामं होत चाललं होतं. गुंडाप्पा वात मालवी, रांगोळीची घडी घाली, पिशवीचं तोंड आवळी. प्रल्हादचं लग्न झालं त्या वर्षीची भाऊबीज गेली, तेव्हा पाटामागे पद्मा नवी कोरी उभी होती. छापखाना टाकला तेव्हाची गेली. अंधार मागून पुढे सरकत होता.

एके दिवशी उजेड अगदीच थोडा उरला, तेव्हा प्रल्हादनं पहिल्यांदा ओळीच्या पुढच्या टोकाकडे नीट पाहिलं. तिथं बऱ्याच भाऊबिजा होत्या. पण त्यांतले पाट रिकामे होते. त्या घरातल्या नव्हत्याच, अक्काच्या गच्चीवरच्या होत्या. अक्का एकटी उभी होती, तबक वर उचललेलं, तोंड मावळतीकडे. तिच्यासमोर आभाळात बीजेची बारीक कोर होती, आणि अक्का तिला ओवाळत होती.

"ह्या कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"त्येंच्याच," गुंडाप्पा म्हणाला. "तुमी आला न्हाईसा त्या सालच्या."

प्रल्हादला आठवलं, आणि आठवलं ते सगळं एकदमच आठवलं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. पत्रिका छापणाऱ्याची दिवाळी म्हणजे मशीनपुढे. भाऊबीजेच्या दुपारी तो फोन करायचा, अक्का, आज मरायला सवड नाही, उद्या येतो. काम आधी रे पल्या, ती म्हणायची. उद्या म्हणता म्हणता तुळशीचं लग्न होऊन जाई, आणि मग ओवाळायला कसली भाऊबीज. ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, एवढं त्यालाही माहीत होतं. अक्का तसं करत असेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तो जवळ गेला. प्रत्येक तबकात निरांजनाशेजारी पैसे होते.

"हे कुणी घातले? चंद्रानं?"

"बाईंनीच. ब्लाऊज शिवूनशान. आनि दुसऱ्या दिवशी वर खिडकीत भरताना म्हनायच्या, भावाची ओवाळणी हाय." गुंडाप्पानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "रांग मोडू ने म्हनून आसंल."

प्रल्हादच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तो लाजला नाही. मॅडम जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "ह्या घ्या. ह्या सगळ्या उचला. ती एक मागची तेवढी ठेवा."

"ह्या उचलता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ह्यांत तुम्ही नाही आहात. ज्यात तुम्ही नाही ते तुमच्या कर्जाला वळतं होत नाही. ह्या बाईंच्याच राहणार."

मागची ती एक म्हणजे शेवटची. अक्काचे यजमान गेले त्या वर्षीची. त्या दिवाळीत प्रल्हाद तिच्या घरी गेला तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मी कशी ओवाळू, म्हणत होती, कुणी बघितलं तर काय म्हणेल. सासरच्या दोघी-तिघी बायका बाहेर बसलेल्याच होत्या. प्रल्हादनं स्वतःच पाट मांडला, त्याला जमली तशी वाकडीतिकडी रांगोळी घातली, आणि मांडी घालून बसला. ओवाळल्याशिवाय उठत नाही म्हणाला. दिवेलागण होऊन गेली तरी उठला नाही. शेवटी अक्का आली. तिचा हात थरथरत होता, म्हणून ज्योतही थरथरत होती. जन्मात त्यानं एक बरं काम केलं असेल तर ते. त्याच संध्याकाळी, तबक खाली ठेवता ठेवता, तिनं खात्याचा तो कागद पुढे केला होता.

आता ती संध्याकाळ त्याच्यासमोर होती. रांगोळी तशीच वाकडी होती.

"दिवाळीपर्यंत राहू द्या," तो म्हणाला.

"वसुलीचा आकडा दिवाळीपूर्वी कळवावा लागतो."

"मग मला एकदा त्या पाटावर बसू द्या. ज्योत हलतेय अजून."

"जुन्या ठेवीवर बसता येत नाही, कोपर्डेसाहेब," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं, कारण त्या वर निघून गेल्या.

गुंडाप्पानं किल्ल्या चाचपल्या. "साहेब, तुमी बी जावा वर. बगू नगासा."

प्रल्हाद गेला नाही. गुंडाप्पानं जिभेला बोट लावलं.

भाऊबीजेच्या दिवशी प्रल्हाद मिरजेला पोचला तेव्हा ऊन अजून होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेच्या आधी आला होता. मशीनवर काम नव्हतं, स्कूटर नव्हती, कपाळ लख्ख कोरं होतं. खिशात एक नवी नोट होती. ती त्यानं कुणाकडून उसनी घेतली नव्हती. छापखान्यातली जुनी रद्दी विकून आणली होती. अक्षतांची डबीही बरोबर होती.

घराला कडी होती. तो जिना चढून गच्चीवर गेला. अक्कानं मावळतीच्या कठड्याशी रांगोळी काढली होती, तिच्यात पाट मांडला होता, आणि ती निरांजनात वात सारखी करत होती.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मी… सांगलीहून आलोय."

"बँकेतनं का? ते एक आलेत मघाशी."

प्रल्हादनं वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी गुंडाप्पा बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. त्यानं नजर खाली घातली. "आज नवी ठेव पडली तर आनायला सांगितलंय," तो पुटपुटला.

"बसा की," अक्का म्हणाली. "सणाचं आलाय. करंजी देते मग. आधी एवढं उरकते, कोर फार वेळ थांबत न्हाई." तिनं तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, बोटातली अंगठी नीट लावली. "मला भाऊ न्हाई. मी चंद्राला ओवाळते. माझं कपाळ काय तो बघत बसत न्हाई. आनि त्याचं एक बरं असतंय बघा. देत काय न्हाई, पन दिलेलं नेतबी न्हाई."

सूर्य गेला. आभाळ निवळलं, आणि पाण्याच्या टाकीच्या वर बीजेची कोर दिसली, नखाएवढी. अक्कानं काडी ओढली. निरांजन लागलं. तिनं तबक उचललं आणि थांबली.

"जरा बाजूला होता का? तुमचं डोकं मध्ये येतंय."

प्रल्हाद बाजूला झाला. अक्कानं पाहिलं, मान तिरकी केली.

"अजून थोडं."

तो आणखी सरकला. कोर त्याच्या डोक्यामागेच होती. तो कठड्याच्या त्या टोकाला गेला, तरी त्याच्या डोक्यामागेच होती. तो खाली वाकला तर कोर वाकली. अक्का तबक घेऊन त्याच्या भोवती फिरत होती, इकडून बघत होती, तिकडून बघत होती. वारं नव्हतं. ज्योत सरळ उभी होती.

"असू द्या," शेवटी ती म्हणाली. "खाली जाईल ती तेवढ्यात. उभे राहा तिथंच. मी तुमच्यावरनं बघते."

तो उभा राहिला. तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे नजर लावली आणि तबक फिरवायला सुरुवात केली. सुपारी फिरली, अंगठी फिरली. ज्योत त्याच्या उजव्या कानावरून गेली, डोक्यावरून गेली, डाव्या कानावरून खाली आली. कपाळाला ऊब लागली. अक्काचा हात थरथरत नव्हता. तिच्या डोळ्यांत दोन बारक्या कोरी दिसत होत्या, आणि त्यांच्या मध्ये, अगदी लहान, त्याच्या डोक्याचा काळा आकार.

मग तिनं तबक त्याच्यासमोर धरलं. दर वर्षी ओवाळून झालं की ती ते असंच धरत असावी, रिकाम्या पाटासमोर, क्षणभर, आणि मग स्वतःच्या कमरेची पिशवी सोडत असावी. आता तिचा एक हात कमरेकडे निघालाच होता.

प्रल्हादनं खिशात हात घातला. नोट बोटांना लागली. ती तबकात पडली तर ही संध्याकाळ त्याची होणार होती, आणि त्याची झाली की बँकेची. मागे जिन्यात गुंडाप्पानं पिशवीचं तोंड सैल केलं, त्याचा आवाज आला.

"अहो," अक्का चंद्राकडे बघत म्हणाली, "हात काढा की खिशातला. सावली पडतेय तबकात."

त्यानं हात काढला. मूठ मिटलेली होती. ती तबकावर आली, निरांजनाच्या अगदी जवळ, आणि तिथंच राहिली, आणि कोर टाकीमागे उतरायला लागली.